बाबांचं स्वस्तातलं युरोप

बाबा,

तुम्ही ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती आमच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून, तोंडात भाकरीचा घास असताना. मी तेव्हा मेहकरच्या शाळेत मास्तर होतो. आम्ही नवराबायको तिथंच दोन खोल्यांत राहायचो आणि तुम्ही साखरखेर्ड्याहून अधूनमधून यायचात. पोळा नुकताच झाला होता. तुम्ही घास गिळला, पाणी प्यायलात आणि म्हणालात, "मी युरोपात जाऊन राह्यलो," म्हणजे आपल्या बोलीत, मी निघालोय. माझी बायको भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच थांबला. मला खरोखर वाटलं, जालन्याच्या बाजूला युरोप नावाचं एखादं खेडं असेल. मी विचारलं, "कोणतं युरोप?" तुम्ही माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलंत की सरकार मला पगार कशाचा देतं असा प्रश्न मलाच पडला. "काऊन? किती हायेत?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जायचं हिवाळ्यात. एकट्यानं. आणि स्वस्तात. "सारे साहेब हिवाळ्यात इकडं येतात. मंग तिकडं जानाऱ्या बोटी रिकाम्याच असतीन. रिकाम्या बोटीचं तिकीट स्वस्त. तिकडच्या खोल्या बी रिकाम्या. एवढं बी समजत नाही काय, शिकेल मानूस?" पुढं मुंबईच्या बोटीच्या एजंटानं पत्रानं अगदी हेच कळवलं, तेव्हा मी ते तुम्हाला वाचून दाखवलं नाही.

त्या दिवशी मात्र मी तुम्हाला रागावलो. मुलानं बापाला रागवायची त्या काळी जेवढी सोय होती तेवढंच, म्हणजे भिंतीकडे पाहून. म्हणालो, वय काय, भाषा काय, आईला जाऊन वर्ष होतंय, लोक काय म्हणतील. तुम्ही हात धुतलेत. धोतराला पुसलेत. आणि शांतपणे म्हणालात, "लोकांनीच तर जीव खाल्ला बे. तुही आई गेली तवापासून मले कोनी एकटं सोडत नाही. सकाळी डोळा उघडला की ओसरीवर चार जन हजर. दादा, चहा घ्या. दादा, मन घट्ट करा. शेतात गेलो तं मागं दोघं. नदीवर गेलो तं तिथं बी एक जन गोटे मोजत बसते. एका वर्सात मले धड रडायले जागा नाही भेटली. मले अशा गावी जायचं हाय, जिथं मले कोनी वयखत नाही."

बायकोनं चुलीकडे तोंड फिरवलं. मी उठलो आणि शाळेतला नकाशा आणायला गेलो.

नकाशापाशी आपली पहिली अडचण झाली. त्यात मेहकर नव्हतं. तुम्ही बोटानं सगळा वऱ्हाड चाचपलात आणि म्हणालात, "ज्याले मेहकर ठाव नाही, तो पॅरिस बराबर दाखवते हे कशावरून?" मी तुम्हाला थोडं इंग्रजी शिकवायचं ठरवलं, पाणी, भाकर, किती पैसे, एवढंच. तुम्ही विचारलंत की इटलीत इंग्रजी चालते काय. मी म्हणालो, नाही. फ्रान्सात? नाही. "मंग कायले शिकू? मी आपली मराठीच बोलतो. त्याहिले समजनार नाही, पन मले तं समजन." मुक्कामाचंही तुम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं: धर्मशाळा नसेल तर त्यांच्या देवळात. देवळात माणसाला कोणी नाही म्हणत नाही, असं तुमचं म्हणणं. आई गेल्यावर शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, लावलं होतंच. पोळ्याला शिंगं रंगवलेली बैलजोडी तुम्ही शिंगांचा रंग उडायच्या आत विकली, आणि तेवढ्या पैशांत जाऊन यायचं हे पक्कं केलं.

वडनेर भोलजीचे तुमचे साडू हे आपल्या माहितीतले युरोप पाहिलेले एकटेच गृहस्थ. चौदा सालच्या मोठ्या लढाईत ते पलटणीबरोबर फ्रान्सला होते. त्यांना मुद्दाम बोलावलं, पुरणपोळी केली. जेवण झाल्यावर तुम्ही विचारलंत, "फ्रान्स कसं काय?"

"चिखल," साडू म्हणाले.

"अजून?"

"अजून बी चिखलच."

मग त्यांनी आमच्या अंगणात तुम्हाला थंडीची तालीम दिली. जोड्यात कागद कोंबायचा, मोज्यावर मोजा घालायचा, पाय ओला ठेवायचा नाही. आणि रस्त्यानं चालताना वाकून चालायचं, डोकं वर काढायचं नाही. मी म्हणालो, मावसाजी, लढाई संपून बरीच वर्षं झाली. ते म्हणाले, "त्याहिले पक्कं समजलं हाय काय ते?" तुम्ही दोघं साडू अंगणात वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आहात आणि माझे विद्यार्थी कुंपणाबाहेर उभे आहेत, हे मला आजही जसंच्या तसं दिसतं. दुसऱ्या दिवशी वर्गात भूगोल शिकवणं फार जड गेलं.

नागपूरला पासपोर्टाच्या फोटोवरून भांडण झालं. कारकून म्हणाला, पागोटं काढा. तुम्ही म्हणालात, "पागोटं काढलं तं मले कोन वयखन?" मी हळूच म्हणालो, बाबा, आपल्याला कोणी ओळखू नये म्हणूनच तर जायचंय ना? तुम्ही म्हणालात, "सरकारनं वयखलं पाहिजे. बाकीच्याहिनं नाही." फोटो पागोट्यासकटच निघाला.

आणि निघायचा दिवस. तुम्ही ज्यांच्यापासून पळत होता ती सगळी ओसरी मलकापूर स्टेशनवर हजर. माझ्या बायकोनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाह्या आणि लोणच्याची बरणी बांधून दिली होती. गाडी हलली तेव्हा साडूंनी सलाम ठोकला आणि ओरडले, "डोकं खाली!" तुम्ही खरंच खाली वाकलात. मला हसू आलं. घरी येताना बायको म्हणाली, "मामंजी परत येतील ना हो?" त्या थंडीत तुमचं काही बरंवाईट झालं असतं तर आम्हाला कळवणारंही कोणी नव्हतं.

तुमचं एकच कार्ड आलं. "बरा हाय. दही भेटत नाही." ते वाचायला गावातून इतकी माणसं आली की चहा पुरला नाही.

उन्हाळा लागायच्या आधी तुम्ही परत आलात, वाळलेले, पण चेहरा उजळलेला. स्वयंपाकघरात त्याच जागी बसून सांगू लागलात. इटलीत जिनोआला बोटीतून उतरलात आणि तुमच्या पागोट्यानं घात केला. पोरं मागं लागली. बाया खिडकीतून हात करू लागल्या. एका खाणावळवाल्यानं तर तुम्हाला राजा समजून दारातल्या टेबलावर फुकट जेवू घातलं, म्हणजे गिऱ्हाईक जमेल. "मी त्याले सांगितलं, मी साखरखेर्ड्याचा हाव म्हून. तं त्यानं अजूनच वाढलं." स्वस्ताईची तुमची गणितं कोणत्या वाटेनं जमतील ते मी नकाशावरून कधीच काढू शकलो नसतो. पण एकटेपण मात्र मिळेना. मिलानमध्ये नाही, पॅरिसात नाही.

मग पॅरिसच्या पुढं कुठंतरी गाडीतून सगळे उतरले म्हणून तुम्हीही उतरलात. लहान गाव. पाऊस. तुम्ही त्यांच्या देवळात शिरलात आणि शेवटच्या बाकावर बसलात. आत चार-दोन म्हाताऱ्या होत्या, त्या आपापल्या प्रार्थनेत. तुमच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. "तिथं रडलो," तुम्ही म्हणालात. "मोठ्यानं रडलो बे. तुह्या आईले नावानं हाका मारल्या." मी भाकरी मोडत होतो, तो थांबलो. आईचं नाव तुम्ही कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. "मंग?" मी विचारलं. "मंग देवळाचा राखनदार आला. मले वाटलं हाकलते आता. त्यानं माह्या मागचं दार लावलं. वारा येत होता म्हून. अन् गेला."

तुम्ही ताटातली चटणी बोटानं ओढलीत. "काम झालं होतं. पन परतीचं तिकीट महिन्यानंतरचं होतं. मंग उरलेलं युरोप पाहून घेतलं."

सुनेला तुम्ही इटलीहून किसणी आणलीत. त्यांच्यात ती कशाला वापरतात ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. आमच्याकडे तिच्यावर गाजरं किसली गेली, इतकी वर्षं की दाते बोथट झाले.

बाबा, आता मी निवृत्त आहे, आणि हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला ठाऊक आहे. तरी एक सांगून ठेवतो. लोकांना मी तुमची ही गोष्ट सांगतो तेव्हा सगळे एकच विचारतात, बर्फ पाहिलं का? तुम्ही तर खरं काय ते सांगितलं होतं, की बर्फाचे डोंगर आले तेव्हा तुम्ही गाडीत झोपला होता आणि बाकी सगळीकडे पाऊसच लागला. पण विचारणाऱ्याचं तोंड इतकं उत्सुक असतं की माझ्याच्यानं ते होत नाही. मी सांगतो, बाबा डोंगरातल्या एका स्टेशनवर उतरले, आणि त्यांच्या पागोट्यावर भुरूभुरू बर्फ पडत राहिलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा थोडंसंच पाडलं होतं. आता गुडघ्यापर्यंत साचतं.