ओटीत आलेले पत्ते

२ मे
आले बाई एकदाची सोलापुरात. कुर्डुवाडीहून गाडीत घामाने भिजून चिंब झाले होते, पण जुळे सोलापुरातली ही खोली पाहून शीण गेला. घर महेश्वरीचं, माझ्या कॉलेजातल्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं. ती खाली राहते, तिथेच लोकांना टॅरो कार्डं काढून देते. वरची खोली मला दिली. उद्यापासून नवी पेठेत चादरींच्या दुकानात काउंटरवर उभी राहणार. बारा तारखेला आई भीमाला घेऊन येईल. माझी लेक सात वर्षांची. नदीला पूर असताना जन्मली म्हणून नदीचंच नाव. मग आम्ही दोघी कुणाच्या बापाला भिणार नाही.

महेश्वरीने मला पाटावर बसवून ओटी भरली. नवऱ्याचं घर सोडल्यापासून हळदीकुंकवाला बायका मला वगळून पुढे जातात. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ओढणीत तांदूळ, नारळ आणि खणात बांधलेला कार्डांचा जुना जोड पडला. हे कशाला, असं म्हटलं तर म्हणाली, "घे की. ओटीत पडलेलं परत करत न्हाईत."

४ मे
कार्डं भविष्य सांगत नाहीत, आपल्याला आपलंच रूप दाखवतात, असं महेश्वरीचं म्हणणं. रोज सकाळी एक काढायचं आणि त्यात आपलं काय दिसतं ते या वहीत लिहायचं. आज 'स्ट्रेंग्थ' आलं. एक बाई सिंहाचा जबडा नुसत्या हातांनी मिटते आहे. इतरांना त्यात धीर दिसतो म्हणे, मला माझा राग दिसला. सासरी भिरकावलेलं ताट, त्याच दिवशी भीमाला काखेत मारून उंबरा ओलांडला तो राग. तो नसता तर मी अजून तिथेच भाकऱ्या थापत असते.

६ मे
एका गिऱ्हाइकाने चाळीस चादरी उलगडायला लावल्या आणि वर माझीच अक्कल काढली. एरवी मी त्याला चादरीत गुंडाळून रस्त्यावर ठेवला असता. आज हसले. राग शोधला, सापडला नाही.

घरी आले तर महेश्वरी कमरेवर हात ठेवून दूधवाल्याला झापत होती. शब्द माझे, उभं राहणंही माझं. कॉलेजात हिने कधी आवाज चढवला नव्हता.

'स्ट्रेंग्थ'चं कार्ड कोरं झालंय. जुनी छपाई, उडाली असेल. आजच्या कार्डावर एक मुलगा छोटीला फुलांचा पेला देतो आहे. मला आण्णा दिसले, माझे वडील. रेल्वे वर्कशॉपमधून यायचे, शर्टाला तेलाचा वास, खिशात माझ्यासाठी लिमलेटची गोळी.

८ मे
आईचा फोन. आण्णांचं श्राद्ध कधी करायचं विचारत होती. मी म्हटलं, कोण आण्णा? तिला थट्टा वाटली. मला वही उघडून वाचावं लागलं.

खाली महेश्वरी कुणाला तरी सांगत होती की तिचे वडील कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये होते, लिमलेटच्या गोळ्या आणायचे. तिचे वडील अक्कलकोटला धान्य विकायचे. मी त्यांच्या घरी जेवले आहे.

९ मे
जोड तिच्यापुढे आपटायला गेले. आपटण्याइतका रागही उरला नाही, नुसता ठेवला. तिने हात लावला नाही. रडत म्हणाली, "मला बी एकीनं अशीच ओटी भरली होती, विजू. आतून लई रिकामी झाले मी. तूच आठवलीस."

मीच का, ते कळलं. माझी ओटी कुणी भरत नाही हे तिला ठाऊक होतं.

तसाच जोड उचलून घंटागाडीत टाकला. दुपारी पाहते तर परत माझ्या उशीवर. वर 'एम्प्रेस'— गव्हाच्या शेतात बसलेली आई.

१० मे
म्हणजे आता भीमा जाणार. महेश्वरीने वर येऊन माझे पाय धरले. म्हणाली, चुकले, पण एक उपाय आहे— जे जाऊ द्यायचं नाही ते वहीत लिहून ठेव, लिहिलेलं जात नाही. इतक्या वर्षांची मैत्रीण. शेवटचा विश्वास ठेवते.

भीमा. माझा कान धरून झोपते— रिक्षाला 'लिक्षा' म्हणते— भाकरीचा पापुद्रा आधी खाते— हनुवटीवर पडल्याची खूण— आम्ही घर सोडलं तेव्हा रडली नाही, माझेच डोळे पुसले—

११ मे
राग लिहिला, राग गेला. आण्णा लिहिले, आण्णा गेले. कार्ड नुसतं दाखवतं. देते मी— लिहून— आणि काल—

तिला माहीत होतं. पाय धरून माझ्याकडून लिहून घेतलं—

पान फाटत नाही. 'एम्प्रेस' पुसट होतेय. भीमा, बाळा, तुझा चेहरा—

१२ मे
आज सुट्टी का घेतली, आठवत नाही. मागे कुणा भीमाबद्दल लिहिलंय. अक्षर माझंच.

आई आली. बरोबर एक मुलगी आहे. धावत येऊन मला बिलगली. महेश्वरी तिला नावाने हाक मारतेय, जवळ ओढतेय— मुलगी माझा डावा हात सोडत नाही. उजव्याने लिहितेय, थांबता येत नाही—

आई माझ्याकडे अशी का बघतेय—

लेकरू फार घाबरलंय. महेश्वरी उचलून नेतेय तिला— हिच्या आईला कुणीतरी बोलवा, हिची आई कुठं—