तिसरा बँड कुणाचा

नांदेड
६ जानेवारी २०२५

ती. वीरण्णामामांस,
मंजुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि हे काम मोबाइलवर पाठवण्यासारखं नाही, म्हणून कागद. पेटंट कार्यालयात तीस वर्षं लोकांचे शोध तपासलेत, आता भाचीचा तपासा. गौरम्मामामींनी बंद केलेला तुमचा तिसरा चहा मी सुरू करून देईन.

आमची कंपनी मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारे स्टार्टर बनवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नव्या पेटीत एकाच अँटेनावर लहरींचे तीन बँड हवे होते: दोन मोबाइलचे, तिसरा शेतातल्या लांबच्या व्हॉल्व्हशी बोलणारा. पेटी लोखंडी, त्यामुळं झाकण लावलं की तिसरा बँड मरायचा. आता चालतो. चित्रं आणि मोजणीचे आलेख सोबत आहेत.

आमचे मालक अमृतराव आठ फेब्रुवारीला उदगीरच्या कृषी प्रदर्शनात पेटी उघडून दाखवणार आहेत. पेटंट मिळण्यासारखं असेल तर त्याआधी, म्हणजे शोध उघड होण्याआधी, अर्ज करू, शोधकर्ते म्हणून त्यांचं नि माझं नाव घालू, असं ते म्हणतात. नसेल तर तयार अँटेना बाहेरून घ्यायचा आणि आमचा विभाग बंद. विभाग म्हणजे मी आणि फिटर धम्मानंद, दोघंच. जीव टांगणीला लागलाय. लवकर लिहा.

आपली भाची,
मंजुश्री

लातूर
११ जानेवारी

चि. मंजुश्रीस,
मामा-मामींचे अनेक आशीर्वाद.

चार दिवस शोधलं. गोड करून सांगता येणार नाही. दुमडलेल्या अँटेनावर दोन बँड ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. तिसऱ्यासाठी तू अँटेनात कापलेली फट एका कोरियन अर्जात जवळपास तशीच आहे. शोध नवा पाहिजे, आणि त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला सहज सुचेल असा नको. तुझं चित्र दोन्हीत बसत नाही. या चित्रावर अर्ज करू नका.

आता दुसरं. चित्रातली फट आहे तशी ठेवली, तर बंद लोखंडी पेटीत तुझा आलेख येऊच शकत नाही. मी तीनदा हिशेब करून पाहिला. एक तर यंत्र खोटं बोलतंय, नाहीतर चित्र. तू चूक करून राहिलीस की काही लपवून राहिलीस, ते लिही. परक्याला मी हे विचारलंच नसतं, नुसता नकार कळवला असता.

तब्येतीला जप. लोभ आहेच.
मामा

नांदेड
१५ जानेवारी

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. यंत्र बरोबर आहे. चित्र खोटं आहे.

दिवाळीनंतर मी हरले होते. धम्मानंद कंधारकडचा, आयटीआय झालेला, आमच्याकडे सहा वर्षं आहे. एक दिवस त्यानं तांब्याची पातळ पट्टी वाकवून अँटेनाच्या टोकाला डाख देऊन जोडली. झाकण बंद केलं की पट्टी पत्र्याला टेकल्यासारखी बसते, पण मधे प्लास्टिकचा वायसर असल्यानं लागत नाही. मी हसले होते. पत्र्यापासून अँटेना दूर ठेवायचा, हे मी कॉलेजात शिकले, आणि हा त्याला पत्र्याजवळ नेऊन राहिला होता. पण तिसरा बँड आला. काल पट्टी काढून पुन्हा मोजलं, तो गेला.

मी चित्रात माझीच फट काढली. ती पट्टी म्हणजे नुसता जुगाड, असं मनाला सांगितलं. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल: शोध माझा ठरावा.

अमृतरावांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, फिटर पगारावर आहे, त्याचं नाव कागदावर कशाला? चित्र दुरुस्त कर आणि नावं तीच राहू दे. प्रदर्शनातली जागा ठरून गेलीय. मामा, कायदा काय म्हणतो?

आपली,
मंजुश्री

लातूर
२० जानेवारी

चि. मंजुश्रीस, आशीर्वाद.

आधी तपासणीचं. पट्टीसकट पुन्हा शोधलं. पेटीचा पत्राच अँटेनाच्या कामाला लावणारे दोन जुने अर्ज सापडले, पण वायसरएवढं अंतर ठेवून, झाकण मिटल्यावर जागेवर येणारी पट्टी कुठं दिसली नाही. माझं मत: अर्ज करण्यासारखं आहे. अर्जातली हक्काची मागणी फक्त पट्टी आणि तिच्या अंतराची ठेवा. बाकीचं जुनं आहे.

नावाचं. कल्पना ज्याची तो शोधकर्ता. पगारानं ते बदलत नाही. अर्ज कंपनी करू शकते, पण त्यासाठी शोधकर्त्यानं हक्क लिहून द्यावा लागतो. खोट्या नावावर घेतलेलं पेटंट पुढं कुणीही रद्द करायला लावील. हे पत्र अमृतरावांना दाखव.

आणि बेटा, तुझ्या नावाचंही मला विचारावं लागतं. तुझी फट मागणीतून गेली. उरली ती पट्टी. त्यात तुझं काय आहे? अंतर किती ठेवायचं हे तू ठरवलंस का? तसं असेल तर नाव राहील. प्रामाणिकपणे लिही. हा प्रश्न लिहायला मला दोन दिवस लागले. त्यावरून मामी माझ्याशी बोलत नाही.

तुझा,
मामा

नांदेड
६ फेब्रुवारी

ती. मामा-मामींस, शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. अंतर धम्मानंदनंच ठरवलं. वायसर बदलून बदलून त्यानं अकरा वेळा पाहिलं. मी यंत्रासमोर बसून आकडे लिहिले.

तुमचं पत्र अमृतरावांनी वाचून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग त्यांनी धम्मानंदला बोलावून हक्काचा कागद पुढं केला, सही कर म्हणाले. त्यात शोधकर्ते म्हणून नाव अमृतरावांचं नि माझंच होतं. त्यानं कागद वाचला. तुमचं पत्र मी त्याला आदल्या दिवशीच वाचून दाखवलं होतं. तो हळूच म्हणाला, "साहेब, हक्क कंपनीला देतो. पर नाव माझं हाय, ते न्हाई देत."

अमृतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, माझंही नाव काढा, त्या पट्टीत माझं काही नाही. ते धम्मानंदला म्हणाले, माझ्यासमोर नवी पेटी कर. त्यानं तासाभरात केली. झाकण लावलं, आणि विष्णुपुरीच्या बाजूला शेतात ठेवलेला आमचा व्हॉल्व्ह उघडला. पट्टी काढून पाहिलं, तो उघडला नाही. अमृतरावांनी दोन्ही वेळा स्वतः बटण दाबलं. मग नवा कागद टाइप करायला सांगितला.

आज दुपारी अर्ज गेला. शोधकर्ता एकच: धम्मानंद. त्यानं रफ कागदावर आधी चार वेळा सही करून पाहिली. पेटंट मिळतं की नाही हे कळायला वर्षं जातील, पण विभाग राहिलाय. परवा आम्ही दोघं प्रदर्शनाला जाणार आहोत. पेटीबद्दल तो बोलेल.

मामा, मी बरोबर केलं हे मला कळतं. तरी अर्ज गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन रडले. त्या अँटेनावर माझं दीड वर्ष गेलंय. हे घरात कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाच लिहिलं.

माया असू द्यावी.
आपली भाची,
मंजुश्री