हवामानाच्या बातम्यांमागची बासरी

मी, खाली सही करणारी, वय झालेली पण डोकं ठिकाणावर असलेली बाई, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. प्रकृती ठीक आहे असं डॉक्टर म्हणतात. मला विचाराल तर बरंही वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही. बरीच वर्षं असंच आहे. मृत्युपत्राला त्याची अडचण नसावी.

कलम एक. बँकेतली ठेव आणि माझ्या बांगड्या मुलाला. या कागदाची अंमलबजावणीही त्यानेच करावी, त्याला फाईली लावायची हौस आहे.

कलम दोन. यजमानांचे पेचकस, सोल्डरिंगचं सामान आणि हेडफोन कोपऱ्यावरच्या मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला. त्याने आमचा मिक्सर दर वेळी जास्तच बिघडवून दिला आहे. बरी हत्यारं हातात आली तर सुधारेल, नाहीतर निदान सबब तरी उरणार नाही.

कलम तीन. यजमानांच्या साहेबांना काहीही नाही. कारण लिहिते. हे टीव्ही केंद्रात ध्वनीच्या खोलीत नोकरीला होते. रात्रीच्या बातम्यांनंतर पडद्यावर शहरांची नावं आणि तापमानाचे आकडे सरकत आणि मागे संगीत वाजे. कुठली तबकडी लावायची हे ह्यांच्यावर सोडलेलं असे, कारण तेवढ्यासाठी डोकं चालवायला दुसऱ्या कोणाला सवड नव्हती. आमच्याकडे फोन नव्हता. म्हणून आमचं ठरलेलं होतं: बासरी वाजली तर हे जेवायला घरी येणार, व्हायोलिन वाजलं तर रात्रपाळी, थांबायचं नाही. सगळा देश उद्या पाऊस आहे का ते बघायचा, मी ह्यांचं ताट घ्यायचं का ते. साहेबांनी पुढे मुलाखतीत सांगितलं की बासरी त्यांनी जनतेच्या मनःशांतीसाठी निवडली होती. त्यांनी आपला वाटा आधीच उचलला आहे.

कलम चार. राहतं घर पूर्णपणे मुलाला, मुलीचा त्यावर काही हक्क नाही.

हे चौथं कलम मी आडवी रेघ मारून खोडलं आहे. खाडाखोड माझ्याच हातची आहे, वकिलांनी शंका घेऊ नये.

हे गेल्यावरही केंद्र चालूच राहिलं. दुसरं कोणीतरी त्याच तबकड्या लावायचं. बासरी वाजली की मी उठून ह्यांचं ताट घ्यायचे. ते गेले हे मला कळत नव्हतं असं नाही, हात आपले चालायचे. मुलं मुकाट्याने जेवायची. मुलगी तर बासरी सुरू झाली की पानावरून उठून बाहेर जायची. माझं वेड तिला बघवत नाही, अशी माझी समजूत. मग एकदा मी बाजारातून आले तर टीव्हीची जागा रिकामी.

"टीव्ही कुठे गेला?"

"भंगारवाल्याला दिला."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

त्यानंतर मी तिच्याशी कामापुरतं बोलले. तिच्या लग्नात पाहुण्यासारखी वावरले. राग म्हणावा तर तोही पुढे राहिला नाही, नुसती सवय राहिली.

हल्ली लोकांना जुन्या टीव्हीचं फार प्रेम आलं आहे. मुलगा फोनवर काही ना काही पाठवतो: बाहुल्यांचा कार्यक्रम, रविवारची मालिका, व्यत्ययाची पाटीसुद्धा. मध्ये ती बासरी पाठवली आणि म्हणाला, "आई, ऐक गं, काय दिवस होते." मी शेवटपर्यंत ऐकली. शेजारच्यांची बेल वाजावी तशी वाजली आणि थांबली.

गेल्या रविवारी मुलगी आली. पाठीमागे कळण्यापेक्षा तोंडावर कळलेलं बरं, म्हणून तिला मी चौथं कलम वाचून दाखवलं. तिने वाद घातला नाही. म्हणाली, "बासरी लागली की तू ताट घ्यायचीस आणि मी जिन्यात जाऊन उभी राहायचे."

"कशाला?"

"बाबा येतायत म्हणून."

"अगं, तुला माहीत होतं ना?"

"तुलाही माहीत होतं की."

मग तीच पुढे म्हणाली, "रोज कोणीतरी वर चढत यायचं, आणि ते वरच्या मजल्यावरचे काका निघायचे. मला सहन होईना आई. म्हणून दिला टीव्ही."

मला रडू आलं नाही. यावं असं मात्र वाटलं. मी चहा टाकला आणि ती गेल्यावर पेन घेतलं.

सुधारित कलम चार. राहतं घर, दोन्ही खोल्या आणि स्वयंपाकघर, पूर्णपणे मुलीला. जिना सामाईक आहे, तो मला देता येत नाही.

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या: शेजारचे शिंपी, आमचे डॉक्टर.
सही: माझी, चष्मा लावून.
ठिकाण: राहतं घर. तारीख: आजची, शिंप्यांच्या अक्षरात, मी तोवर जिन्यातला दिवा लावून आले.