पाठ कोण बघणार

कास्त्रोव्रिसी, क्रीट
२४ मार्च १९९७

चि. कालिरोई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतेस, मग मीही ओरडते आणि दोघींचंही सांगायचं राहून जातं. म्हणून कागद घेतला.

तब्येत ठीक आहे. छातीतली नवी धातूची झडप रात्रंदिवस टिकटिक करते. शेजारची पोरं म्हणतात, इवांथियाआजीकडे घड्याळाची काय गरज! रक्त पातळ करणारी गोळी चुकवत नाही. परवाच्या तपासणीत मात्र रक्ताच्या पातळपणाचा आकडा घसरलेला निघाला. अडीच ते साडेतीनमध्ये हवा तो दोनच्याही खाली आला. रक्त घट्ट झालं तर झडपेवर गुठळी धरेल, असं म्हणून डॉक्टर वारदाकिसांनी गोळी अर्ध्यानं वाढवली. काय खाता, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नेहमीचंच.

उन्हाळ्यापर्यंत आकडा जागेवर आला नाही तर मला कायमची थेसालोनिकीला नेणार, ही तुझी धमकी लक्षात आहे. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मी शेळ्या बांधू कुठं? आकडा मी जागेवर आणीनच.

नातवंडांना पापे. माया आहे तशी राहू दे आणि ओरडणं थोडं कमी कर.
तुझी आई

थेसालोनिकी
८ एप्रिल

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून बरं वाटलं आणि काळजीही वाटली. गोळी वाढवली म्हणजे आता दुसऱ्या बाजूनं जपायला हवं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ते नीट वाच. दात घासताना रक्त येतं का, नाकातून येतं का, लघवी लाल किंवा शौच काळं होतं का आणि न आपटता अंगावर काळेनिळे डाग उठतात का, हे रोज बघायचं. पाठ स्वतःला दिसत नाही, ती कुणाकडून तरी बघून घ्यायची.

कुणाकडून बघून घेणार, सांग बरं? घराला घर लागून फक्त आर्गिरो काकू, आणि सख्ख्या जावा असून तुम्ही त्या अक्रोडाच्या झाडापायी अकरा वर्षं एकमेकींचं तोंड बघत नाही. झाड सामाईक होतं, तिनं न विचारता तोडलं, सगळं मान्य. पण झाड मोठं की जीव?

मागची खोली मी रिकामी केली आहे. राग मानू नकोस. तुझ्याशिवाय मला आई नाही, एवढंच ध्यानात ठेव.
तुझी कालिरोई

कास्त्रोव्रिसी
५ मे

चि. कालिरोई हिस अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच, की मी ठणठणीत आहे. आता बाकीचं.

ईस्टर छान झालं. तांबडी अंडी फोडली, अंगणात कोकरू भाजलं, आठवडाभर तेच पुरवून पुरवून खाल्लं. शुक्रवारी शेळीचं दूध काढताना नाकाचा घोळणा फुटला आणि थांबेचना. अख्खा एप्रन भिजला. मी पायरीवर बसले तेवढ्यात दोन घरांमधल्या गडग्यावरून आर्गिरो उतरली. तिनं माझं नाक चिमटीत धरलं आणि गाडी काढायला मुलाला अशी हाक मारली की देवळातली कबुतरं उडाली.

आरोग्य केंद्रात आकडा सहाच्या वर निघाला. पाठीवर हाताच्या पंजाएवढा काळा डाग होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी परत खाण्याचं विचारलं. मी नेहमीचंच म्हणणार तोच आर्गिरो कडाडली, की डॉक्टर, ही बाई ईस्टरआधीच्या उपासाचे सगळे आठवडे शेळीसारखी रान चरली आहे, दोन्ही वेळेला पातेलंभर रानभाजी लिंबू पिळून, आणि ईस्टरपासून एका पानाला शिवलेली नाही. म्हणजे अकरा वर्षं ही बया भिंतीवरून माझं ताट बघत होती!

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. हिरव्या भाजीनं गोळीचा जोर मोडतो. भाजी होती म्हणून गोळी वाढवली, आणि भाजी सुटली तेव्हा ती वाढलेली गोळी मोकाट सुटली. उपासात भाजी खाणं हे आमचं नेहमीचंच, ते वेगळं काय सांगायचं? दोन दिवस गोळी बंद ठेवून आता कमी करून दिली आहे. भिंत चढून आर्गिरोलाही धाप लागली होती, तेव्हा त्यांनी जाता जाता तिचीही नाडी बघितली.

घाबरू नकोस. जीव लाव, पण टांगणीला लावू नकोस.
तुझी आई

थेसालोनिकी
१३ मे

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी उपास सोडून इतकी वर्षं झाली, की उपासात तू काय खातेस हे माझ्याही डोक्यात आलं नाही. आता वाद नको. जूनअखेर शाळेला सुट्टी लागली की मी येते आणि तुला घेऊन जाते. तोवर रानभाजी पूर्ण बंद. शेळ्या कुणाला द्यायच्या ते ठरव. तुला गमावायची माझी तयारी नाही, त्यापुढे तुझा राग मला चालेल.
तुझीच, कालिरोई

कास्त्रोव्रिसी
३१ मे

चि. कालिरोई हिस अनेक आशीर्वाद.

भाजी बंद नाही आणि शेळ्याही कुठं जात नाहीत. डॉक्टर म्हणाले, भाजी सोडू नका, सारखी ठेवा. म्हणून रोज दुपारी एकच ताटली, सण असो की उपास. परवा लग्नाच्या पंगतीत सगळे मटणावर तुटून पडले असताना मी शिजवलेला पाला खात बसले होते. पाद्रीबुवा हसले, मी खात राहिले. गेल्या तिन्ही तपासण्यांत आकडा तीनच्या आसपास आहे.

राहिली पाठ. आरसे लावून बघितलं, मान तेवढी लचकली. शेवटी शनिवारी आर्गिरोचं दार ठोठावलं. सोपं नव्हतं गं. काय बोलायचं ते घोकून गेले होते आणि दारातच तिच्याकडे पाठ केली. तिनं हात धुतले आणि झंपर वर कर म्हणाली. आता दर शनिवारी जाते. मुळांनी तिची भिंत फुटत होती हे मी कबूल करावं, असं ती म्हणते. पाठ दाखवीन, अक्रोडावर माघार नाही!

तू जरूर ये. परतीचं तिकीट मात्र एकटीचंच काढ. तुझ्या वाटेकडे डोळे आहेत.
तुझी आई

कास्त्रोव्रिसी
१५ जून

चि. कालिरोईस आर्गिरो काकूचे आशीर्वाद.

माझं पत्र बघून दचकू नकोस. तुझ्या आईला हे ठाऊक नाही.

तिची पाठ स्वच्छ आहे, कालच बघितली. हिरड्याही बघते, ती कुरकुरते. उन्हात रानभाजी वाळून गेली, म्हणून माझ्या वाफ्यातला माठ रोज एक ताटली भिंतीवरून देते. बेचव आहे म्हणते आणि पुसून खाते.

तू तिला न्यायला येणार असं कळलं. त्या दिवशी डॉक्टरांनी माझी नाडी धरली ती त्यांना वेडीवाकडी लागली. मोठ्या इस्पितळात तपासलं आणि गुठळी होऊ नये म्हणून या सोमवारपासून मलाही तीच गोळी सुरू केली आहे. इवांथियाला अजून सांगितलेलं नाही. येत्या शनिवारी झंपर वर करायची पाळी माझीही आहे, आणि त्याआधी अक्रोडाबद्दल तिची माफी मागायची आहे. त्यासाठी धीर गोळा करते आहे.

तू ये, चार दिवस राहा, पण तिला नेऊ नकोस, पोरी. पाठ मलाही दिसत नाही.
तुझी काकू, आर्गिरो