डाव्या पायाचा आखूड क्रँक

मी, मिथुन कमळाकर मोकल, वय चोवीस, शिक्षण आठवी नापास, राहणार मौजे शिंगणखार, तालुका पेण, जिल्हा रायगड, सध्या मुक्काम लुधियाना, सायकलीचे क्रँक, म्हणजे पायडल ज्याला बसतं ते दांडे, करणाऱ्या कारखान्यात कामाला, लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, मी दारू पीत नाही आणि मानगूट धरून हे कोणी लिहून घेतलेलं नाही. ठिकाणावर आहे म्हणजे वेडा झालेलो नाही एवढंच. गोंधळलेला आहे, ते वेगळं. कागदावरचे शब्द आमच्या आजीच्या, कै. ठमाबाईच्या मृत्युपत्रातून घेतले आहेत. त्याचा फोटो बहीण प्रणिताने पाठवला. आजीला वकील होता, मला नाही, तरी चुका पोटात घालाव्यात.

हे लिहायचं कारण असं. कारखान्याने सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतला. आपलं बरंवाईट झालं तर वारस कोण, असा रकाना. मी विचार न करता लिहिलं, नितेश. पुढचा रकाना, नातं. तिथे पेन थांबलं. ऑफिसातल्या बाबूने विचारलं, भाऊ का? म्हटलं, नाही. मग मित्र? म्हटलं, होता. त्याने फॉर्म परत दिला, सोमवारी नीट भरून आण म्हणाला. आज रविवार आहे. फॉर्मवर आता आईचं नाव घातलंय. पण नितेशचं नाव हातून का आलं ते मला कळेना, म्हणून सगळंच लिहायला बसलो. तीन दिवस लिहितोय आणि खोडतोय.

कलम १. घर वडिलांच्या नावावर आहे, ते मला कोणाला देता येत नाही. तरी ओटीच्या उजव्या कोपऱ्यात माझं पंक्चरचं दुकान होतं, तो कोपरा प्रणिताचा समजावा. तिथे कांद्याची पोती ठेवू नयेत.

कलम २. बँकेत जे असेल ते आईला, म्हणजे सौ. सरू कमळाकर मोकल हिला. तिने त्यातून वडिलांना फोन घेऊन देऊ नये. त्यांना दिला तरी ते माझा उचलायचे नाहीत.

कलम ३. माझी हत्यारं, सगळे पाने, चेन तोडायचं हत्यार आणि चाकाची आऊट काढायचं, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायचं स्टँड, जे मी मोडक्या खाटेच्या लोखंडातून बनवलं, हे सगळं प्रणिताला. मुलीच्या जातीने पाने कशाला धरायचे असं कोणी म्हणालं तर तिने त्याचीच सायकल दुरुस्त करू नये. हवा भरायचा पंप मात्र काका, श्री. बाबाजी मोकल, यांच्याकडे आहे. दोन गणपती झाले. मागितला की म्हणतात, "पंप हाय रं, मी काय गिलला?" तो वसूल करावा. मी मेल्यावर तरी देतील.

कलम ४. वडिलांची सायकल वडिलांचीच आहे, पण तिच्याबद्दल सूचना आहे. ही सूचना अशी का दिली ते बाहेरच्याला कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे मिठागराच्या बांधावर सायकल चालते. बांध हातभर रुंद, दोन्ही बाजूंना पाणी. तिथे ब्रेक मारला की चाक घसरतं आणि माणूस सायकलीसकट कोंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यात. शिवाय खार ब्रेकची वायर चार महिन्यांत खाऊन टाकतो. म्हणून मिठागरातली माणसं नवी सायकल आणली की पहिल्यांदा ब्रेक काढतात. थांबायचं झालं तर चप्पल मागच्या टायरला लावायची नाहीतर पाय खाली टेकायचा. मी बारा वर्षांचा असल्यापासून अख्ख्या गावाचे ब्रेक काढलेत. ओटीवर ब्रेकांचा ढीग होता. मला त्याची घमेंड होती, खोटं कशाला बोलू.

नितेश केरू पाटील माझ्या शेजारचा. एकत्र शाळेत गेलो, एकत्र नापास झालो, मग तो पुढे पास होत गेला. त्याला कंपनीत लागलं. सकाळच्या शिफ्टची बस रामवाडीला यायची. पहिल्याच दिवशी त्याची सायकल पंक्चर, म्हणून माझी न्यायला आला. हात लावून बघितलं आणि म्हणाला, "ब्रेक नाय रं हिला."

मी म्हणालो, "तुला कशाला होवा ब्रेक? पाय हाय ना."

तो हसला. मीही हसलो. हे वाक्य मी तेव्हापासून रोज ऐकतो, क्रँक मोजताना सुद्धा.

रामवाडीजवळ पुलाचा उतार आहे. पुढचा टेम्पो थांबला. नितेशने सवयीने पाय टेकला. बांधावर टेकतात तसा. डावं ढोपर गेलं. दोन ऑपरेशनं झाली, तरी ते पूर्ण वाकत नाही. कंपनी गेली. आता पेणमध्ये मोबाईलच्या दुकानात खुर्चीवर बसतो.

चूक कोणाची हे मला अजून कळलेलं नाही. वडील म्हणतात, "बांधाची सायकल हायवेवर नेली कोनी? त्यानंच ना?" आई म्हणते, दिली कोणी ते पण बोला. दोघांचंही खरं वाटतं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा नितेशची आई म्हणाली, "ये बाला, बस." मला शिव्या पाहिजे होत्या. बसलो नाही. आठवड्याने गाव सोडलं.

आता सूचना. मागच्या वर्षी मी वडिलांच्या सायकलीला दोन्ही ब्रेक पाठवले. त्यांनी ते खुंटीला टांगून ठेवले आणि निरोप दिला, "पोराला सांग, बांधावर ब्रेक मारला तं मीठ मीच होईन." ते बरोबर आहेत. म्हणून बांधावरची सायकल बांधावरच राहील, ती डांबरावर न्यायची नाही, अगदी चहापत्ती आणायला सुद्धा नाही. आणि प्रणिताची कॉलेजची सायकल बांधावर न्यायची नाही. तिला दोन ब्रेक, घंटी, मागे लाल रिफ्लेक्टर. वायर शिमग्याला आणि दिवाळीला बदलायची, चांगली दिसली तरी बदलायची. खार आतून खातो.

कलम ५. माझी स्वतःची नवी सायकल. हे खरं कलम, आणि हेच मला लिहिता येत नाही.

ही सायकल मी इथे फेकलेल्या मालातून जोडली आहे. बघणारे हसतात. उजवा क्रँक नेहमीसारखा साडेसहा इंची आणि डावा आखूड. कारण ढोपर जेवढं वाकतं तेवढ्याच गोलात पाय फिरला पाहिजे. क्रँक आखूड केला की गोल लहान होतो आणि ढोपराला कमी वाकावं लागतं. आमच्या खोलीतला अक्षय, जो रोह्याचा आहे, तो चालवून म्हणाला, "ही लंगडते की रं." मग ती कोणासाठी आहे ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती अलगद भिंतीला टेकवली.

डावे क्रँक तीन केलेत. तीन इंची, चार इंची आणि पाच इंची. कुठला बसेल माहीत नाही, कारण ढोपर किती वाकतं हे मी बघितलंच नाही. पाच वर्षांत एक फोन केला नाही.

आधी असं लिहिलं होतं: सदर सायकल माझ्या पश्चात नितेश केरू पाटील यास द्यावी. मग खोडलं. लंगड्याला लंगडी सायकल दिली असं गाव म्हणेल. मग लिहिलं, प्रणिताला द्यावी. पण तिचे पाय धड आहेत, ती काय करेल? मग लिहिलं, भंगारात द्यावी. तेही खोडलं. मग परत पहिलं.

शेवटी काल प्रणिताला फोन केला. म्हटलं, दुकानात जा आणि काहीतरी निमित्ताने नितेशचं ढोपर किती वाकतं ते बघून ये. ती म्हणाली, "दादा, मी काय परक्या मानसाचं ढोपर टेपनं मोजू? येडा झालास काय?" पण ती गेली. आणि निमित्त वगैरे काही केलं नाही, सरळ सांगितलं, की दादाने अशी अशी सायकल केली आहे आणि तो मेल्यावर तुला देणार आहे.

नितेशने विचारलं, "तो आजारी हाय काय?"

ही म्हणाली, नाही.

तर म्हणाला, "मग मी काय तो मरायची वाट बघत बसू? तोवर हा पाय तरी राहील काय? त्याला सांग, माझ्या ढोपराचं माप फोनवर भेटत नाय. टेप घेऊन ये म्हणावं." आणि ती दुकानाच्या पायऱ्या उतरल्यावर मागून ओरडला, "ब्रेक लावलेत काय, इचार त्याला!"

हा टोमणा होता की आणखी काही, हे मी प्रणिताला तीनदा विचारलं. ती म्हणते, तो हसत होता. कसा हसत होता? म्हणते, "हसत होता, आता काय फोटू काढू?"

तर कलम ५ पुढीलप्रमाणे. सायकलीला दोन्ही ब्रेक लावलेले आहेत. पुढचा मी काल रात्री पुन्हा तपासला. सदर सायकल मृत्युपत्रातून वगळण्यात येत आहे, कारण ती माझ्या पश्चात देऊन उपयोग नाही. माप घ्यायला मी जिवंत लागतो. साखरचौथीच्या गणपतीला, म्हणजे अनंत चतुर्दशीनंतर आमच्याकडे बसतो त्या गणपतीला, मी गावी येत आहे. येताना सायकल, तिन्ही क्रँक आणि शिंप्याचा टेप आणीन. नितेशने दारात उभं केलं नाही तर काय करायचं, ते मला माहीत नाही, आणि त्याचं कलम मी घालत नाही.

बाकी कलमं कायम.

साक्षीदार:
१. अक्षय, राहणार रोहा. (वाचून सही केली. म्हणतो, क्रँक चार इंचीच बसेल, पैज लावतो.)
२. रामप्रवेश यादव, राहणार सिवान, बिहार. (यांना मराठी येत नाही. अक्षयने हिंदीत समजावलं. सही करून विचारलं, मरणार कोण आहे?)

सही: मिथुन कमळाकर मोकल
ठिकाण: लुधियाना
दिनांक: १७ ऑगस्ट २०२५

डावा क्रँक: ....... इंच (हे पेणला भरायचं)