शनिवारचा बॅकअप

प्रिय भिंगरी,

पत्र पाहून घाबरू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकायची मला सवय नाही.

माझी वनस्पतींची वेबसाइटही ठणठणीत आहे. सुट्टीत आलीस तेव्हा तू जे वेळापत्रक लावून गेलीस, ते इमानेइतबारे चालतंय. दर शनिवारी दुपारी साइटची अख्खी प्रत आपोआप दुसरीकडे जाऊन बसते आणि मला ईमेल येतो, 'बॅकअप यशस्वी'. एकदाही खाडा नाही. माझ्या वर्गात असा विद्यार्थी असता तर त्याला मी डोळे मिटून मॉनिटर केलं असतं. 'आई, आता तुला काही म्हणजे काही करायला नको,' असं तू जाताना म्हणालीस, ते अगदी खरं ठरलं.

पूर्वी हेच काम आपण हाताने करायचो. तुझा फोन यायचा, 'आई, बस कॉम्प्युटरपुढे. हं, आता डावीकडचं बटण. अगं, डावीकडचं!' मग ती निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची आणि तोवर करायचं काय, म्हणून तू बोलत सुटायचीस. तुझ्या साहेबांची नक्कल, उतू गेलेलं दूध, शेजारणीची भांडणं. मी आपली दटावायची, 'पट्टीकडे लक्ष दे.' पट्टी अर्ध्यावर असताना एकदा तू म्हणालीस, 'आई, मी लग्न ठरवलंय,' आणि मी म्हटलं, 'थांब, आधी हे संपू दे.' जावईबापू अजून त्यावरून मला चिडवतात. चिडवू देत.

कामाशिवाय फोन करायचा नाही, हा आपल्या घरचा कायदा. केलाही मीच. तुझ्या बाबांनी तो शेवटपर्यंत पाळला आणि तू तर माझीच लेक. काम संपलं, तसे फोनही आटले. तुझा दोष नाही. मीही रिसीव्हर उचलते, काय काम सांगावं ते सुचत नाही, ठेवून देते. आता शनिवारी दुपारी मी खिडक्यांच्या काचा पुसते. इतक्या लख्ख काचा आपल्या घराने कधी पाहिल्या नव्हत्या.

मागच्या आठवड्यात माझ्या हातून शेवाळांचं संपूर्ण पान पुसलं गेलं. फोटो, टिपणं, वाचकांचे प्रश्न, सगळं. क्षणभर धस्स झालं, आणि लगेच, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. म्हटलं, चला, आता फोन करायला हक्काचं कारण मिळालं. पण तुझ्या त्या बॅकअपमध्ये सगळं जिथल्या तिथे होतं. एक बटण दाबलं आणि पान परत हजर. अशी चरफडले म्हणून सांगू!

म्हणून काल मी ते वेळापत्रक बंद केलं. चुकून नव्हे, चष्मा लावून, सूचना वाचून. बॅकअप झाला नाही, असा ईमेल तुला येईल आणि तू तिथूनच चटकन सगळं पूर्ववत करून टाकशील, म्हणून त्याआधी हे पत्र पोचायला हवं. हात लावू नकोस. शनिवारी फोन कर आणि काय दाबायचं ते एकेक करून मला सांग. मला सगळं येतं. तरी सांग.

तुझीच,
आई