उभे केलेले ड्रम

दक्षिण सुदान,
१० ऑगस्ट २०२५

चि. सौ. दीपमाला हिस,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर बोलायचं तर तू स्पीकर लावतीस अन् सगळी गल्ली ऐकती, म्हणून हे पत्र. आमचं पेट्रोल प्लाटून नावालाच पलटण. बंदूक कमी, डिझेल जास्त! शांतिसेनेच्या गाड्या, दवाखान्याचं जनरेटर, सगळ्यांना तेल आमीच पुरवतो. अंगाला असा वास मारतो की मी घरी आलो की तू आगपेटी लपवून ठेवशील.

तुझा लाडका भाऊ अभ्या आता माझ्याच हाताखाली आलाय. इथं रोज पाऊस, म्हणून डिझेलचे ड्रम आडवे निजवून ठेवायचे. उभा ठेवला की डोक्यावर पाणी साचतं, अन् दिवसा तापलेला ड्रम रात्री गार पडला की ते पाणी बुचातून आत ओढतो. एवढं सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तुमच्या धारूरकडं ड्रम म्हणजे पावसाचं पाणी धरायला वळचणीला उभा केलेला, ते याच्या डोक्यातून जाईना. मागच्या सुट्टीत मी आपल्या घरचा डिझेलचा ड्रम आडवा केला तर तुमी दोघं बहीणभाऊ पोट धरून हसला होता, आठवतंय का?

हवालदारकीसाठी माझं नाव गेलंय. दिवाळीपर्यंत बाहीवर तिसरी फीत लागंल. एवढ्या वर्षांच्या नोकरीत एक डाग न्हाई, त्याचंच हे फळ. आईला नमस्कार, सत्यमला पापा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
अजिनाथ

*

शिरूर कासार,
२८ ऑगस्ट २०२५

ती. अहोंना,
सा. न. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. फितीची बातमी सासूबाईंनी गावभर केली. अजून लागली न्हाई, म्हणलं, तर माझ्यावरच डाफरल्या. सत्यम बाहीवर खडूनं तीन रेघा ओढून शाळेत गेला अन् बाईंचा मार खाऊन आला.

अभ्याला लई बोलू नका. आई गेली तवा तो माझ्या कडंवर होता, त्याचं दुखणंखुपणं मीच काढलंय. औंदा भाऊबीजेला तो न्हाई. शेजारच्या मंजुळाबाईला भाऊच न्हाई, म्हणून ती दरसाल चंद्राला ओवाळती. मलाबी संगं बोलवत होती. मी म्हणलं, मावशी, माझा भाऊ लांब हाय, न्हाई असं न्हाई. मी त्याचा फोटो पाटावर ठिवून ओवाळीन.

त्याच्या केसाला धक्का लागला तर तुमाला उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई, ध्यानात ठिवा! जिवाला जपा, अन् आमची आठवण ऱ्हाऊ द्या.

तुमचीच,
दीपमाला

*

दक्षिण सुदान,
२६ सप्टेंबर २०२५

सौ. दीपमालास,
आशीर्वाद.

तुझ्या म्हणण्याप्रमाणं झालं.

मी तापानं पडलो होतो. जागा पुरंना म्हणून अभ्यानं नवे ड्रम उभेच रचले. वरून पावसाची झड. तेच डिझेल दवाखान्याच्या जनरेटरला गेलं अन् ऐन ऑपरेशनात जनरेटर बंद पडलं. डॉक्टरांनी टॉर्चच्या उजेडात टाके घातले. पेशंट वाचला, नशीब आमचं.

चौकशी बसली. मी खरं सांगायला निघालो तर अभ्या आडवा आला. म्हणला, ताईचा फोन आलता, लई रडत होती, दाजींना म्हण एवढं माझ्यासाठी अंगावर घ्या. मागच्या पत्रातलं तुझं उंबऱ्याचं वाक्य आठवलं. मी ते चेष्टेवारी नेलं होतं.

साहेबांपुढं म्हणलं, ड्रम उभे करायला मीच सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, अजिनाथ, तू? मी हो म्हणलं. फीत गेली. पुढच्या महिन्यात मला माघारी धाडतायत.

मागायचं होतं तर माझ्याकडं मागायचं होतंस. भावाच्या तोंडून कावून? मी न्हाई म्हणलो असतो का? आता फोन करावासा वाटत न्हाई. आईला फितीचं मी येऊन सांगीन.

अजिनाथ

*

शिरूर कासार,
२४ ऑक्टोबर २०२५

अभिमन्यू,

वर चिरंजीव लिहिलं न्हाई, आशीर्वादबी न्हाई. हात वळला न्हाई.

तुझे दाजी आले. त्यांचं पत्र आल्यापासून मी फोन लावत होते, त्यांनी उचलला न्हाई. अंगणात उभ्यानं पाणी पिले, पण माझ्याकडं बघितलं न्हाई. सासूबाईंनी त्यांच्या बाहीवरून हात फिरवला अन् आत गेल्या. मी सत्यमच्या डोक्यावर हात ठिवून सांगितलं, की मी अभ्याला फोन केलाच न्हवता, मला ह्यातलं कायबी ठाऊक न्हवतं. तवा कुठं त्यांनी माझ्याकडं बघितलं. बाप गेला तवा रडला न्हाई तो माणूस, काल पोरावानी रडला.

आरं, ड्रम उभा करायला तुला मीच शिकवलं. दुष्काळात वळचणीला ड्रम लावताना तुझा हात पुरत न्हवता, मी कडंवर घेत होते. तू चुकलास ते मी पदरात घेतलं असतं. पण तू माझ्या तोंडात तुझं बोलणं घातलंस! महिनाभर माझा नवरा मला बेईमान समजत होता, रं. जगात त्यांनी एकच शब्द कधी मोडला न्हाई, तो माझा. तेच तू हेरलंस.

मी म्हणलं, साहेबांना खरं काय ते लिहा. ते म्हणले, आता लिहिलं तर दोनदा खोटा ठरंन. म्हंजे लिहायचं ते तूच. लिहिशील असं वाटत न्हाई.

काल भाऊबीज. पाट मांडला, तुझा फोटो काढला, पदरानं पुसला अन् परत पेटीत ठिवला. दिवेलागणीला मंजुळाबाई ताट घेऊन अंगणात उभी होती. तिनं सरकून जागा दिली.

मी चंद्राला ओवाळलं.

दीपमाला